नॉर्थ मेलबर्नने जॅक डार्लिंगला घ्यावं का?

वेरिबीकर (५ ऑक्टोबर २०२४)

सोमवारपासून एएफएलचा, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या लीगचा, ट्रेड पिरियड (क्लबांनी खेळाडूंची देवाणघेवाण करायचा काळ) सुरू होतोय. पर्थच्या वेस्ट कोस्ट क्लबचा जॅक डार्लिंग नॉर्थकडे येणार अशी चर्चा जोरात आहे. सिडनीचा लूक पार्कर आणि बुलडॉग्सचा केलेब डॅनिएल यांचीही नावं घेतली जातायत. त्या दोघांबद्दल माझी काही तक्रार नाही. पार्करसारखा अंगावर घेऊन चेंडू काढणारा मिडफिल्डर आणि डॅनिएलसारखा मागून नेमकी किक मारणारा गडी आपल्याला कधीचा हवाय. माझं घोडं अडलंय ते डार्लिंगपाशी. बत्तीस वर्षांचा फॉरवर्ड, आणि आपली टीम सतरावी. अशा वेळी मुरलेला फॉरवर्ड आणावा, की ती जागा पोरांना द्यावी?

नवीन लोकांसाठी आपली अवस्था सांगतो. २०२१ आणि २०२२ला आपण अगदी तळाला होतो. २०२३ला सतरावे, यंदाही सतरावे. यंदा २३ पैकी ३ मॅच जिंकल्या, आणि रिचमंडने आपल्याहूनही कमी जिंकल्या म्हणून शेवटचा नंबर टळला, एवढंच. शेवटच्या फायनल्स (सिझनअखेरची बाद फेरी) खेळलो ते २०१६मध्ये. माझी थोरली तेव्हा प्राथमिक शाळेत होती. पुढे ती नॉर्थच्या 'हडल'मध्ये अभ्यासाला जायला लागली आणि आमचं घर पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचं झालं. बाहेरून आलेल्यांच्या मुलांना हाताला धरून अभ्यास करून घेणारा क्लब आहे हा. त्यामुळे लॅडरवर (गुणतक्त्यात) तो कुठे आहे, याने आमची निष्ठा हलत नाही. पण जीव तुटतो.

आता मूळ मुद्दा. डॉकलँड्स स्टेडियममध्ये मी गोलपोस्टच्या मागे बसतो. टीव्हीवर चेंडू जिथे असतो तिथे कॅमेरा असतो. मागे बसलं की चेंडू यायच्या आधी काय चाललंय ते दिसतं. आपला मुख्य फॉरवर्ड निक लार्कीला बघा. आधी तो गोलकडे पाठ करून डिफेंडरला पाठीवर घेतो, खांद्याने थोडं मागे रेटतो, आणि मिडफिल्डरची मान वर झाली की तिरका सुटतो. सुटतो तेव्हा पाच-सहा पावलांचं अंतर असतं. त्याच क्षणी किक आली तर छातीवर मार्क (किकचा चेंडू हवेतच झेलणं, मग निवांत किक मारता येते) आणि चाळीस मीटरवरून गोल. पण आपल्याकडे किक उशिरा येते आणि उंच येते. ती हवेत असेपर्यंत दुसरा डिफेंडर येतो, कधी तिसराही, आणि कोणाची तरी मूठ लार्कीच्या बोटांआधी चेंडूला लागते. मग तो पुन्हा उठून तीच धाव धरतो. हा माणूस २०२३ला, टीम तीनच मॅच जिंकत असताना, ७१ गोल मारून ऑल-ऑस्ट्रेलियन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या टीममध्ये) झाला. नीट साथ मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार मी प्रत्येक मॅचला करतो.

ते दोन जादा डिफेंडर येतात कारण त्यांना सांभाळायला दुसरं कोणी नसतं. कॅम झुरहार आहे, पण तो उंच मार्किंग फॉरवर्ड नाही. तो जमिनीवरून आणि अंगाच्या जोरावर खेळतो. चार्ली कॉम्बेन उंच आहे आणि फॉरवर्ड म्हणूनच वाढला होता, पण यंदा कोच क्लार्कसनने त्याला मागे डिफेन्समध्ये टाकलं, कारण तिथे पाणी गळत होतं. तिथे तो छान रुळलाय.

म्हणजे डार्लिंगच्या बाजूने बोलायला जागा आहे. विरुद्ध बाजूही मला तेवढीच दिसते. आपण फॉरवर्ड नाही म्हणून हरत नाही. जूनमधली कॉलिंगवूडविरुद्धची मॅच आठवा. ५४ पॉइंट्सची आघाडी होती आणि एका पॉइंटने हरलो. त्या दिवशी गोल होत होते. थांबवता आले नाहीत, चेंडू हातात ठेवून वेळ काढता आला नाही. माझ्या शेजारी बसणारी म्हातारी बाई १९७५चं पहिलं विजेतेपद बघितलेली आहे. ती शेवटच्या क्वार्टरला नुसती "होल्ड इट, होल्ड इट" म्हणत होती. बत्तीस वर्षांचा फॉरवर्ड या रोगावर औषध आहे का?

धाकटा चौदा वर्षांखालच्या टीममध्ये फॉरवर्ड खेळतो. डार्लिंग यावा असं त्याला वाटतं. मला ठरवता येत नाहीये. पर्थकडचे कोणी असाल तर खास करून सांगा.

स्वान नदीकाठी

वेरिबीकर दादा, मी पर्थची, वेस्ट कोस्टची. २०११पासून जॅकला बघतेय, तेव्हापासून सांगते.

पहिली गोष्ट, त्याच्याकडून ७१ गोल मागू नका. तो तशा जातीचा फॉरवर्ड कधीच नव्हता. आमच्याकडे मुख्य फॉरवर्ड होता जॉश केनेडी, २०१५ आणि २०१६ दोन्ही वर्षी कोलमन मेडल (सर्वाधिक गोलांचं) त्याचं. जॅक त्याच्या जोडीला. समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला डिफेंडर केनेडीला, दुसरा जॅकला. ती दुसऱ्याची भूमिका त्याने इतकी वर्षं निभावली आणि त्यातून पाचशेच्या वर गोल केले. तुमच्या लार्कीला नेमकं हेच हवंय असं तुम्हीच लिहिलंय.

दुसरी गोष्ट टीव्हीवर दिसत नाही. तो गोलजवळ उभा राहून वाट बघत नाही. आमचे डिफेंडर दाबाखाली आले आणि सुटकेची किक मारायला कोणी दिसेना, की जॅक धावत विंगपर्यंत वर यायचा. तिथे मार्क धरायचा, देऊन टाकायचा आणि पुन्हा गोलकडे धाव. मार्क नाही मिळाला तर चेंडू निदान लाइनबाहेर काढायचा. कॉलिंगवूडच्या मॅचमध्ये तुमच्याकडे अशा वेळी चेंडू मारायला कोण होतं? तुमच्या शेजारच्या आजी ज्यासाठी ओरडत होत्या ते हेच काम.

तिसरी गोष्ट, तो उपलब्ध असतो. चौदा सिझनमध्ये तो तीनशे मॅचच्या उंबरठ्यावर आलाय. एवढी हाडंमोड चालते या खेळात, आणि हा दर वर्षी जवळपास प्रत्येक शनिवारी हजर.

आणि २०१८ची ग्रँड फायनल. शेवटचा क्वार्टर, गोल समोर मोकळा, हातात आलेला मार्क सुटला. एक लाख लोकांसमोर. मी घरी टीव्हीपुढे किंचाळले होते. नंतर डॉम शीडने बाउंड्रीच्या कडेवरून तो गोल मारला आणि आम्ही पाच पॉइंट्सनी जिंकलो, नाहीतर तो सुटलेला मार्क जॅकच्या नावाला जन्मभर चिकटला असता. पण पुढच्या सिझनला तो पहिल्यापेक्षा चांगला खेळला. तुमच्या पोरांना याची गरज आहे. सतत हरणाऱ्या टीममध्ये चुकीनंतर काय करायचं हे दाखवणारं कोणीतरी लागतं.

आता जे खरं आहे तेही सांगते. तो हळू झालाय. पहिली पाच पावलं पूर्वीसारखी राहिली नाहीत. आमच्याकडे जेक वॉटरमन आता मुख्य फॉरवर्ड आहे, ऑस्कर ॲलन आहे, त्यामुळे त्याला जाऊ देणं क्लबला फार जड जाणार नाही. मला जड जाईल. एक दोन वर्षं मिळतील असं धरून घ्या, पुढचं नको.

चौथा क्वार्टर

मी स्पष्ट विरोधात आहे. नॉर्थचा मेंबर म्हणूनच.

आपल्या क्लबला फॉरवर्डची किंमत कधी कळलीच नाही. बेन ब्राऊन आपला होता. २०१७, २०१८, २०१९, तिन्ही वर्षी साठच्या वर गोल. २०२०ला दुखापतीत गेलं आणि आपण त्याला वाट मोकळी करून दिली. तो मेलबर्न क्लबकडे गेला आणि पुढच्याच वर्षी ग्रँड फायनल जिंकून मेडल गळ्यात घालून उभा होता. आपण त्या वर्षी शेवटून पहिले. म्हणजे आपल्याला चांगला फॉरवर्ड मिळत नाही असं नाही. आपण त्याला चेंडू पोहोचवू शकत नाही आणि कंटाळून सोडतो. ब्राऊन मेलबर्नमध्ये अचानक मोठा झाला नाही. त्याच्यामागे ऑलिव्हर आणि पेट्राका हे मिडफिल्डर चेंडू आणत होते, आणि त्यांच्याही मागे ती बॅकलाइन होती.

तोच मेलबर्न क्लब दहा वर्षं आधी बघा. २०११च्या शेवटी खालच्या जागांवर धडपडत असताना त्यांनी ब्रिस्बेनहून मिच क्लार्क आणला. गुणी फॉरवर्ड. पायाच्या दुखापतीने अर्धा सिझन गेला. २०१२ला टीम चार मॅच जिंकली. मग कॉलिंगवूडहून ख्रिस डॉस आणला, तोही विजेतेपद मिळवलेला फॉरवर्ड. २०१३ला दोन जिंकल्या. दुसऱ्याच आठवड्यात एसेंडनकडून १४८ पॉइंट्सनी हरले. मागून चेंडू येत नसेल तर पुढे कोणीही उभा करा, काय होणार?

वय बघून खेळाडू आणायचा प्रयोगही आपण केलाय. डाल सँटो, हिगिन्स, वेट. वेट फॉरवर्डच होता आणि चांगला होता. २०१४ आणि २०१५ला प्रिलिमिनरी फायनलपर्यंत (ग्रँड फायनलच्या आधीच्या मॅचपर्यंत) पोचलो, विजेतेपद आलं नाही, आणि २०१६ संपताना एकदम सगळं म्हातारं झालं. बूमर हार्वेसारख्या ४३२ मॅच खेळलेल्या माणसाला निरोप द्यावा लागला. आजचा खड्डा तिथून सुरू झाला.

झेन डुर्स्मा गेल्या वर्षीच्या ड्राफ्टमधला (नव्या पोरांच्या निवडीतला) चार नंबरचा पिक आहे. त्याला फॉरवर्ड लाइनमध्ये चुका करू द्या. डार्लिंग आला की क्लार्कसन त्याला दर आठवड्याला खेळवणार, कारण कोचला मॅच जिंकायच्या असतात. कोणत्या तरी पोराची जागा जाणारच.

जुना स्वान

मी सिडनीत १९९१पासून. तुमच्या वादात एक जुनी गोष्ट सांगतो, कारण तळाच्या टीमने मुरलेला फॉरवर्ड आणण्याचं याहून मोठं उदाहरण नाही.

आमचे स्वान्स १९९२, ९३ आणि ९४, तिन्ही वर्षी तळाला होते. क्लब बंद पडणार अशी बोलवा होती. ऑफिसात फूटीचं नाव काढलं तर लोक रग्बीच्या गप्पा सुरू करायचे. एससीजीच्या (सिडनी क्रिकेट ग्राउंडच्या) स्टँडमध्ये डबा उघडून पाय पसरून बसावं एवढी जागा रिकामी असायची. आणि १९९४च्या शेवटी सेंट किल्डाहून टोनी लॉकेट आला. शंभर किलोच्या वर वजन, आणि तो लीडवर (चेंडू घ्यायला मोकळ्या जागेकडे) सुटला की डिफेंडरच्या चेहऱ्यावर भीती दिसायची, हे मी कुंपणाशी उभं राहून पाहिलंय. १९९५ला ११० गोल. पण लक्षात घ्या, त्या वर्षी आम्ही बाराव्या नंबरवर होतो. एकशे दहा गोल करणारा माणूस असूनही बारावे!

१९९६ला पहिले आलो. प्रिलिमिनरी फायनलला एसेंडनशी बरोबरी असताना सायरन वाजला, लॉकेटच्या हातात चेंडू होता, जांघेच्या दुखापतीने तो धड चालत नव्हता, आणि त्याने लांबून मारला. गोल हुकला, पण एक पॉइंट मिळाला. तेवढा पुरला. ते स्टँड त्या रात्री ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. आठवड्याने ग्रँड फायनलला, मीही स्टँडमध्ये होतो, तुमच्याच नॉर्थने आम्हाला ४३ पॉइंट्सनी हरवलं. लॉकेटने त्यातही सहा मारले होते. समोर वेन कॅरी होता तुमचा कॅप्टन, काय करणार.

मग हे लॉकेटमुळे झालं का? गर्दी त्याच्यामुळे आली, पैसा त्याच्यामुळे आला, हे नक्की. पण मिडफिल्डमध्ये पॉल केली होता, त्याने १९९५ला ब्राउनलो (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) जिंकलं. आणि लॉकेटबरोबर त्याच उन्हाळ्यात फिट्झरॉयहून एकतीस वर्षांचा पॉल रूस आला. त्याच्या येण्याचा कोणी फार गाजावाजा केला नाही. तो मागे डिफेन्समध्ये उभा राहून पोरांना जागा दाखवायचा. पुढे तोच आमचा कोच झाला आणि २००५ला, १९३३नंतर पहिल्यांदा, कप आणला.

तेव्हा 'चौथा क्वार्टर' यांना माझं सांगणं की लॉकेट शोधू नका, तो पिढीत एक होतो. पण रूस शोधायला हरकत नाही. डार्लिंग फॉरवर्ड असला तरी मला त्या जातीचा वाटतो. तुम्ही मेलबर्नची गोष्ट २०१३ला थांबवलीत, पण त्यानंतर त्यांना वर काढायला कोच म्हणून गेला तो हाच रूस.

टार्नीटची आई

फुटबॉलमधलं मला तुमच्याइतकं कळत नाही. माझ्या दोन्ही मुली खेळतात. एकच सांगते, आमच्या मुलींच्या टीममध्ये एक मोठ्या वयाची खेळाडू गेल्या वर्षी आली, आणि हरलेल्या मॅचनंतर चेंजरूममध्ये रडणं थांबलं. गोल तिने फारसे केले नाहीत.

वेरिबीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हे सगळं वाचून डोक्यात घोळवलं आणि आता माझं मत झालंय. घ्यावा. पण कशासाठी घ्यायचा आणि काय देऊन घ्यायचा, हे पक्कं असेल तरच.

'चौथा क्वार्टर', तुमचा मुद्दा मी डावलत नाही. चेंडू पुढे नीट जात नाही ही मुळाशी असलेली गोष्ट आहे. पण ती सुधारायला आपल्याकडे माणसं आहेत. शीझल, वॉर्डलॉ, मकर्चर, डेव्हिस-युनियाकी. रकमध्ये (उसळत्या चेंडूला पहिला हात लावणाऱ्या उंच खेळाडूच्या जागी) झेरी यंदा डोंगरासारखा उभा होता. यातली लहान पोरं पंचवीस-सव्वीसची झाली की चेंडू येणार आहे. आता प्रश्न असा, की तोपर्यंत त्यांनी कुठे बघून किक मारायला शिकायचं? उंच किक मारण्याची सवय मिडफिल्डरला उगाच लागत नाही. दबावात मान वर केली की फक्त लार्की दिसतो, त्याच्याभोवती तीन जण दिसतात, पाय अडखळतो, आणि मग देवाच्या भरवशावर आकाशात चेंडू. समोर दोन लीड एकाच वेळी सुटल्या, एक गोलकडे आणि एक विंगकडे, तर निवड करायची सवय लागते. धाकट्याच्या टीममध्ये हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या कोचने दोन फॉरवर्डना एकमेकांच्या विरुद्ध दिशेला पळायला लावलं. पहिल्याने आतून बाहेर सुटायचं आणि दुसऱ्याने त्याने रिकामी केलेली जागा भरायची. आठवडाभर पोरांचा गोंधळ उडाला. नंतर मिडफिल्डमधली मुलं आपोआप खाली आणि जोरात किक मारायला लागली, कारण थांबून विचार करायची गरज उरली नाही. फॉरवर्डने मिडफिल्डर घडवला.

आणि कॉम्बेन. पर्थच्या ताईंनी लिहिलेलं वाचताना मला हे उमगलं, आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात वजनदार गोष्ट आहे. दुसरा उंच फॉरवर्ड नसेल तर पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, सलग तीन-चार हरल्यावर, कोणीतरी म्हणणार की कॉम्बेनला पुढे टाका. मग मागची भिंत पुन्हा उघडी. त्या मुलाला एका वर्षी इथे, एका वर्षी तिथे असं फिरवलं तर तो कुठलाच राहणार नाही. डार्लिंग आला की कॉम्बेन मागे पाय रोवून राहील, ग्रिफिन लोग त्याच्या जोडीला उभा राहील, आणि आपली बॅकलाइन पहिल्यांदा दोन सिझन सलग एकत्र खेळेल. आपण गोल खातो म्हणून हरतो असं मी वर लिहिलं होतं, आणि तरी फॉरवर्ड घ्या म्हणतोय, त्याचं कारण हे. पुढे एक अनुभवी माणूस उभा केला की मागचा एक चांगला माणूस जागेवर राहतो.

पैशाची बाजू कोणी काढली नाही, ती मी काढतो. लीगच्या नियमाने प्रत्येक क्लबला पगाराच्या मर्यादेतला किमान ९५ टक्के पैसा खर्चावाच लागतो. आपल्याकडे तरुण पोरं जास्त, म्हणजे पगार कमी, म्हणजे पैसा कुठेतरी द्यायचाच आहे. झुरहारला यंदा लांबचा करार दिला, बरं झालं. उरलेल्यातून डार्लिंगला दिलं तर ते कोणाच्या तोंडचा घास काढून नाही. आपल्याला महाग पडतो तो पिक. आपल्या हातात या वर्षीचा दोन नंबरचा पिक आहे. तो डार्लिंगच्या जवळपासही नेऊ नये. ड्राफ्टच्या शेवटी-शेवटी येणारा एखादा पिक द्यावा, त्याहून वर काही मागितलं तर नमस्कार करून उठावं. वेस्ट कोस्टलाही वॉटरमन आणि ॲलनसाठी जागा हवी आहे, ते फार ताणणार नाहीत.

डुर्स्माबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटतं आणि तिथे माझी काळजी तुमच्याइतकीच आहे. पण डुर्स्मा उंच फॉरवर्ड नाही, त्याची जागा वेगळी. उलट उंच माणसाने हवेत चेंडू पाडला की खाली तो डुर्स्मा आणि पॉल कर्टिस यांच्यासाठीच असतो. जो उंच पोरगा आपण पुढच्या एक-दोन ड्राफ्टमध्ये घेऊ, त्याची मला जास्त चिंता आहे. तो अठरा वर्षांचा येईल, अंग भरायला दोन वर्षं लागतील. त्या दोन वर्षांत त्याला एएफएलच्या बॅकलाइनपुढे उभं करून मोडून घेण्यापेक्षा खालच्या लीगमध्ये खेळू द्यावं. आणि तो तयार झाला की डार्लिंगने बाजूला व्हावं, हे करारावर सही करतानाच तोंडावर सांगितलेलं असावं. वेट आणि डाल सँटोच्या वेळी चूक त्या माणसांना आणण्यात नव्हती. त्यांच्यामागे कोण येणार, हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

काका, रूसची गोष्ट मी धाकट्याला जेवताना सांगितली. त्याने मला विचारलं, मग डार्लिंग पुढे कोच होणार का? मला काय माहीत. पण १९९६च्या फायनलला तुम्ही समोरच्या स्टँडमध्ये होता आणि आमच्या शेजारच्या आजी या स्टँडमध्ये, हे तिला पुढच्या मॅचला नक्की सांगणार आहे.

ताई, एक विचारायचं राहिलं. तो विंगपर्यंत वर येतो म्हणालात, ते पर्थच्या मोकळ्या मैदानावर. डॉकलँड्स त्या मानाने आटोपशीर, वर छप्पर बंद, चेंडू झपाट्याने फिरतो. बत्तिसाव्या वर्षी तो वर जाऊन वेळेत परत येऊ शकेल का?

स्वान नदीकाठी

दादा, छप्पर बंद असलं तर त्याच्यासाठी बरंच. वारा नाही, दव नाही, चेंडू जिथे पडेल असं वाटतं तिथेच पडतो, आणि त्याचा सगळा खेळ चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखण्यावर आहे. परत यायला मात्र त्याला वेळ लागेल. तेव्हा विंगवर त्याने मार्क धरला की पुढची किक त्याच्यासाठी थांबवून ठेवू नका, सरळ लार्कीला मारा. आमची पोरं गेली दोन वर्षं तो परत पोचायची वाट बघत बसायची, आणि तेवढ्यात समोरची बॅकलाइन जमून यायची.

तुमच्या होबार्टमधल्या मॅचेसचं मात्र मला सांगता येत नाही. तिथल्या वाऱ्यात त्याला बघायला मी स्वतःच येणार आहे, तिकिटं कधी निघतात ते कळवा.

चौथा क्वार्टर

दोन वर्षांचा करार आणि शेवटच्या फेरीतला पिक, एवढ्यावर असेल तर मी गप्प बसतो. तिसरं वर्ष दिलं तर क्लबला पत्र लिहीन, आणि वेरिबीकर, खाली तुमची सही घ्यायला येईन.

वेरिबीकर

सही नक्की करेन. ताई, होबार्टची फिक्स्चर आली की इथेच टाकतो. पार्करचं काय होतंय त्यासाठी वेगळा धागा काढूया, तिथे मला मिडफिल्डबद्दल बरंच बोलायचंय.